सूर्यास्त, सहा एक्केचाळीस

मी घाटावरची. आजऱ्याकडची.
समुद्राचं मला अजून काही कळत नाही,
पण सूर्यास्त रोजचा पाठ आहे.
दूरक्षेत्राच्या भिंतीवर दिनदर्शिका, तिच्यात वेळ छापलेली,
कारण सूर्य बुडाल्यावर बाईला अटक करता येत नाही
दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून,
आणि तिच्या अंगाला हात लागायचा तर तो माझाच.

गुन्हे दोन जातींचे, प्रशिक्षणात शिकवलं होतं.
दखलपात्र: खुर्ची मागे सरते, जीप सुरू होते.
अदखलपात्र: वहीत चार ओळी, खाली शिक्का,
आणि तक्रारदारास समज, की कोर्टात दाद मागावी.

जयवंती पराडकर, वय बावन्न, धंदा मासेविक्री,
माझ्या वहीत तीनदा आहे.
गणपतीआधी: भर लिलावात आईवरून शिवी.
दिवाळीत: पाटी लाथाडली, नुकसान अंदाजे सहाशे.
संक्रांतीला: कानाखाली मारली, साधी दुखापत.
तिन्ही वेळा अक्षर माझं.
तिन्ही वेळा तिने विचारलं, "आता तुमी काय करतलात?"
तिन्ही वेळा मी तिला कोर्टाचा पत्ता सांगितला.

चौथ्यांदा ती आली नाही. फोन आला.
बर्फाच्या फॅक्टरीपाशी, पाच वाजता, कोयती.
नंदू बापर्डेकरची दोन बोटं,
करंगळी आणि तिच्या शेजारचं,
ज्यांनी तो पारडं दाबायचा म्हणे.
म्हणे, कारण ते माझ्या वहीत नाही.
गंभीर दुखापत, धारदार हत्यार.
दखलपात्र. अजामीनपात्र.
एका घावात ती दोन्ही रकाने ओलांडून आली.

मी पोचले तेव्हा ती जुन्या जाळ्यावर पसरलेले
बांगडे उलटत होती. सूर्य पाण्यापासून वीतभर.
मी कारण सांगितलं, सांगायचं असतं,
समजेल अशा भाषेत.
ती म्हणाली, "मिया खंय पळतंय? फुडे दर्यो, मागे तू.
ह्यांका दंव लागला तर गेले. घटकाभर रव."

कायद्यात बांगड्यांबद्दल काही नाही.
जाळं मोठं होतं, एकटीला उचलणारं नव्हतं.

सूर्य पाण्याला टेकतो ती वेळ धरायची,
की सगळा बुडतो ती?
साहेब फोनवर म्हणाले, मॅडम, मिनिटं मोजू नका, पहारा ठेवा.
डायरीत लिहिलं: सूर्यास्त झाल्याने अटक नाही.
पहारा म्हणजे मी, तिच्याच पायरीवर.
रात्री एकदा दार उघडलं,
उशी बाहेर आली, दार लागलं.

इथे सकाळ डोंगरामागून येते, उशिरा, माडांच्या वरून.
सात दहा. अटक फॉर्म.
पंच: शाळेचे शिपाई सावळाराम खोत,
मेडिकलवाले इरफान मुजावर, दोघेही अर्धवट झोपेत.
अंगझडती: बाराशे ऐंशी रुपये, किल्ली, कानात एकच कुडी.
अंगावरील खुणा: उजव्या मनगटावर खवले.
खवले ही खूण नव्हे. खोडलं, खोडल्यावर सही केली.
चोवीस तासांत कोर्ट. कोर्ट नऊ किलोमीटर.
पत्ता तिला माहीत होता.

मग तो रकाना: अटकेची माहिती कोणास दिली.
मुलगा जहाजावर, फोन लागेना.
"दुसरं कुणी? नात्यातलं?"
तिने पदराने चष्मा पुसला, पुसत राहिली.
"लिव. नंदू बापर्डेकर. मावसभाव."

रुग्णालयात फोन बायकोने उचलला, त्याच्या कानाला धरला.
मी ठरलेली वाक्यं वाचली, नाव, वेळ, कलम, कुठे नेणार.
बराच वेळ तिकडच्या पंख्याचा आवाज.
मग तो म्हणाला,
"बांगडे आत घेतल्यान काय तिना?"

वेळ लिहिली, सात बावीस.
हो म्हणाले.
जाळ्याचं दुसरं टोक कुणी धरलं होतं
ते नाही सांगितलं.